न विचारलेली दोन मुलं

२७ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मेरीलँड राज्यातल्या एका खटल्यात पालकांच्या बाजूनं निकाल दिला. प्राथमिक शाळेत समलिंगी व्यक्तिरेखा असलेली गोष्टींची पुस्तकं वाचून दाखवली जातात, ती आमच्या श्रद्धेत बसत नाहीत, तेव्हा त्या तासाला आमच्या मुलांना वर्गाबाहेर राहू द्या, अशी मुस्लीम आणि ख्रिस्ती पालकांची मागणी होती. सहा विरुद्ध तीन मतांनी ती मान्य झाली. निकालपत्रात पुन्हा पुन्हा आधार घेतला गेला तो १९७२ सालच्या एका निकालाचा: विस्कॉन्सिन विरुद्ध योडर. आमिश, म्हणजे मोटारी आणि वीज टाळून जुन्या पद्धतीनं राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या, मुलांना आठवीनंतर शाळेत पाठवण्याची सक्ती करता येणार नाही, असं सांगणारा हा निकाल. तेव्हापासून आमिश लोक आणि त्यांच्या शाळा पुन्हा चर्चेत आल्या आहेत, आपल्या मराठी मंडळींच्या चर्चेतही. आणि ती चर्चा फार वाईट पद्धतीनं चालली आहे.

एका बाजूला आहेत क्लास, प्रवेशपरीक्षा आणि मोबाइल यांनी जेरीस आलेले आईबाप. त्यांना घोडागाडी, कंदील, हातानं शिवलेले कपडे आणि शेतात राबणारी निरोगी मुलं दिसतात, आणि ते म्हणतात, हेच खरं शिक्षण. दुसऱ्या बाजूला आहेत सुधारणावादी. त्यांना यात फक्त अंधश्रद्धा दिसते. सरकारनं या शाळांना टाळं ठोकावं, विषय संपला. पहिल्यांनी आमिशांची तसबीर करून भिंतीवर टांगली आहे, दुसऱ्यांनी त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं आहे. दोघांनाही हा वाद आईबाप आणि सरकार या दोघांतला वाटतो. ज्याच्यावरून भांडण चाललंय ते चौदा वर्षांचं मूल कुठे आहे, हे कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. आमिश समाजाला स्वतःच्या शाळा, स्वतःच्या शिक्षिका आणि स्वतःची शिस्त असण्याचा हक्क आहे, आणि तो राहिला पाहिजे. पण चौदाव्या वर्षी मुलाचं शिक्षण संपवून टाकण्याचा हक्क आईबापांना नाही. धर्मस्वातंत्र्य मुलालाही आहे, आणि ते वापरण्यापुरतं शिक्षण त्याच्या पदरात पडल्याशिवाय त्या स्वातंत्र्याला काही अर्थ नाही. १९७२ चा निकाल नेमका इथे चुकला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, ज्या श्रद्धेच्या रक्षणासाठी तो दिला गेला त्या श्रद्धेच्याच मुळाशी तो विसंगत आहे.

खटला साधा होता. विस्कॉन्सिनमध्ये सोळा वर्षं पूर्ण होईपर्यंत शाळा सक्तीची होती. न्यू ग्लॅरस गावाजवळच्या तीन कुटुंबांनी आठवी संपल्यावर मुलं शाळेतून काढली. दोन मुली पंधरा वर्षांच्या, एक मुलगा चौदाचा. बापांना प्रत्येकी पाच डॉलर दंड झाला. आमिश लोक सहसा कोर्टाची पायरी चढत नाहीत, भांडणापासून दूर राहणं हाच त्यांचा धर्म. एका लूथरपंथी धर्मगुरूनं उभ्या केलेल्या समितीनं त्यांच्या वतीनं लढा दिला आणि तो पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मुख्य न्यायमूर्ती वॉरन बर्गर यांनी निकालपत्र लिहिलं: हायस्कूलमधली स्पर्धा, ऐहिक यशाची ओढ आणि समवयस्कांचा दबाव यांमुळे आमिश जीवनपद्धतीच धोक्यात येते, उलट या दोन वर्षांनी सरकारचा होणारा फायदा किरकोळ आहे.

काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये मी आईला घेऊन पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत गेले होते. भारतातून आईवडील आले की न्यू जर्सीतली बहुतेक मराठी घरं हा फेरफटका मारतातच. शुक्रवार होता, तिनाचा सुमार. एक खोलीची शाळा सुटली होती. दारात ढकलगाड्यांची रांग, म्हणजे पाय मारत चालवायच्या स्कूटरची. तिथे सायकल चालत नाही. मुलांच्या डोक्यावर गवती टोप्या, मुलींच्या हातात जेवणाचे डबे, आणि मोठ्या मुली धाकट्यांचे हात धरून रस्ता ओलांडत होत्या. पुढे एका शेताच्या फाटकाशी टेबल मांडून चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी भोपळे, सफरचंदाचा मुरंबा आणि काकवीचा गोड ‘पाय’ (pie) विकत होती. आईनं सहा-सात वस्तू उचलल्या. मुलीनं कागद-पेन्सिल न घेता हिशेब केला, सुटे पैसे मोजून दिले आणि आईकडे पाहून विचारलं, तुम्ही कुठून आलात? भारत म्हटल्यावर, किती वेळ लागतो? विमानाचे तास सांगितले तेव्हा ती थोडी थांबली. मग म्हणाली, रात्री समुद्रावरून जाताना विमानाला दिशा कशी कळते? मी अर्धंमुर्धं काहीतरी सांगितलं. तेवढ्यात घरातून हाक आली आणि ती गेली.

त्या मुलीचं जगणं दुःखी होतं असं मी म्हणणार नाही. तसं काही दिसलं नाही. उलट तिच्या वयाच्या आमच्या मुलांमध्ये क्वचित दिसणारा आत्मविश्वास तिच्यात होता. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

विरोधी बाजूचे मुद्दे लटके नाहीत. सर्वांत जड मुद्दा आधी घेते. शाळा हे सरकारच्या हातातलं निरुपद्रवी साधन कधीच नव्हतं. लँकेस्टरपासून मोटारीनं तास-सव्वा तासावर कार्लाइल आहे. तिथे १८७९ मध्ये रिचर्ड प्रॅट यांनी अमेरिकेतल्या मूलनिवासी, म्हणजे तिथे ‘इंडियन’ म्हटल्या जाणाऱ्या, मुलांसाठी निवासी शाळा काढली. ‘माणूस वाचवायचा तर त्याच्यातला इंडियन मारा’ हे तिचं सूत्र. मुलांचे केस कापले, नावं बदलली, मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा केली. कित्येक मुलं घरी परतलीच नाहीत. १९२२ मध्ये ओरेगनने सगळ्या मुलांना सरकारी शाळेतच घालण्याची सक्ती केली, आणि त्या कायद्यामागे कॅथलिकद्वेष्ट्या, वंशवादी कू क्लक्स क्लान संघटनेचं बळ होतं. सर्वोच्च न्यायालयानं १९२५ मध्ये तो रद्द केला, हे योग्यच झालं. आमिशांचाही अनुभव याच जातीचा. १९६५ च्या नोव्हेंबरमध्ये आयोवातल्या हेझलटनजवळ अधिकारी बस घेऊन आमिश शाळेवर आले आणि मुलं जीव घेऊन शेजारच्या मक्याच्या शेतात पळाली. ते छायाचित्र देशभर छापून आलं. काळ्या कपड्यांतली, पाठमोरी धावणारी ती मुलं पाहिली की सक्ती हा शब्द उच्चारताना माझीही जीभ अडखळते.

दुसरं, या लोकांचं भांडण शिक्षणाशी नव्हतं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आमिश मुलं शेजारच्या इतर मुलांबरोबर गावातल्या सरकारी एकखोली शाळांतच जात होती. या छोट्या शाळा मोडून, बसनं दूर नेऊन, मोठ्या शाळांत मुलं कोंबायला सुरुवात झाली तेव्हा आमिशांनी विरोध केला आणि स्वतःच्या शाळा काढल्या. आपल्याकडे पटसंख्या कमी म्हणून वाडी-वस्तीवरची शाळा बंद होते तेव्हा आपण चिडतो. तोच हा राग. तिसरं, हातानं काम करत शिकणं हे शिक्षणच आहे, आणि बारा वर्षं वर्गात बसून हातात काही न आलेली मुलं आपण रोज पाहतो. आणि त्यांच्या समाजाची ताकद? २००६ च्या ऑक्टोबरमध्ये निकेल माइन्स इथल्या त्यांच्या शाळेत एका बंदूकधाऱ्यानं पाच मुलींचा जीव घेतला. त्याच दिवसांत आमिश माणसं त्या मारेकऱ्याच्या बायकोच्या घरी सांत्वनाला गेली. हे बळ कुठल्याही हायस्कूलच्या अभ्यासक्रमातून येत नाही, हे मला मान्य आहे.

तरीही माझं मत बदलत नाही.

नेहमी पुढे केला जाणारा पुरावा असा: तरुण झाल्यावर बाप्तिस्मा घेऊन समाजात राहायचं की नाही हे आमिश मुलं स्वतः ठरवतात, आणि दहांपैकी आठ-नऊ राहतातच. मग जबरदस्ती कुठे आली? पण ज्या घराला दुसरीकडे उघडणारं दारच नाही त्या घरातली माणसं घरातच राहतात, यावरून ती सुखी आहेत की अडकलेली, हे कसं ठरवणार? बाहेर पडू पाहणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाकडे काय असतं? घरात पेनसिल्व्हेनिया डच बोलीभाषा, प्रार्थनेत जर्मन, आणि आठवीपर्यंतचं इंग्रजी. हायस्कूलचा दाखला नाही. काहींकडे सोशल सिक्युरिटी क्रमांकसुद्धा (आपल्या आधारसारखा सरकारी क्रमांक) नसतो, आणि त्यावाचून साधी नोकरी मिळणं मुश्कील. बाप्तिस्म्याआधी निघालेल्याला ते वाळीत टाकत नाहीत, हे खरं. बाप्तिस्मा घेऊन निघालेल्याला टाकतात. वाळीत टाकणं म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. महाराष्ट्राला त्याविरुद्ध २०१६ मध्ये कायदा करावा लागला. पण बहिष्कार नसला तरी घर, काम, भाषा आणि सगळे ओळखीचे चेहरे एकाच दिवशी सोडायचे, तेही हातात काही पात्रता नसताना, याला मी मोकळी निवड म्हणू शकत नाही.

आणि इथे आमिशांची श्रद्धाच माझ्या बाजूनं उभी राहते. हे लोक कुठून आले? सोळाव्या शतकातल्या स्वित्झर्लंडमध्ये काही माणसं म्हणू लागली की तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणं निरर्थक आहे; श्रद्धा ही समजून, उमजून, स्वतःच्या इच्छेनं स्वीकारायची गोष्ट आहे. एवढ्यासाठी १५२७ च्या जानेवारीत झ्युरिकच्या लिमाट नदीत फेलिक्स मान्झला बांधून बुडवून मारलं. त्यानंतर शेकडो जण जाळले गेले, बुडवले गेले. याच परंपरेतून १६९३ च्या सुमारास याकोब आमान यांच्या मागे जाणारे वेगळे झाले, तेच आमिश. म्हणजे या पंथाच्या रक्तातच एक गोष्ट आहे: दुसऱ्यानं ठरवून दिलेला धर्म खरा धर्म नव्हे. ज्यांच्या पूर्वजांनी ‘समजल्याशिवाय बाप्तिस्मा नाही’ या एका वाक्यासाठी प्राण दिले, त्यांनीच समजण्याची साधनं चौदाव्या वर्षी बंद करावीत? आमिश बुजुर्गांना हे विचारलं तर ते म्हणतील, ज्ञानानं गर्व येतो, नम्रता जाते. ते त्यांचं मत आहे आणि मी त्याचा मान राखते. पण नम्रता पत्करायची का, हा प्रश्न मुलानं सोडवायचा आहे, आणि सोडवायला त्याला समोर दुसरं काहीतरी दिसायला हवं. चौदा ते सोळा ही दोनच वर्षं, त्यांनी काय बिघडतं, असा युक्तिवाद न्यायालयानं सरकारविरुद्ध वापरला. पण याच वर्षांत मूल घडतं, म्हणून ती वर्षं आम्हाला हवीत, असं आमिशांचंही म्हणणं होतं, आणि निकालपत्रात तेही मान्य केलं आहे. दोन्ही एकदम कसं खरं असेल? ही वर्षं किरकोळ नाहीत, हे दोन्ही पक्षांना पक्कं ठाऊक होतं.

बर्गर यांच्या निकालपत्राचा कणा एका वाक्यात आहे. त्याचा आशय असा: बहुसंख्य लोक जगतात तशा आधुनिक समाजासाठी मुलाला तयार करायचं असेल तर आठवीपुढची दोन वर्षं लागतीलही, पण वेगळ्या, शेतीवर जगणाऱ्या आमिश समाजासाठी तयार करायचं असेल तर गोष्ट निराळी. जे सिद्ध करायचं तेच इथे धरून चाललंय. मूल आमिश समाजातच जगणार हे कुणी ठरवलं? हे वाक्य मराठी माणसानं वाचावं आणि त्याला काहीच आठवू नये, हे शक्य नाही. ज्याला जे काम पिढीजात करायचं आहे त्याला तेवढंच शिक्षण पुरे, हा युक्तिवाद आपल्या देशानं हजार वर्षं ऐकला. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी प्राथमिक शिक्षणाची नवी योजना आणली: मुलांनी अर्धा दिवस शाळेत बसावं, उरलेला वेळ बापाचा धंदा शिकावा. हेतू वाईट नव्हता, शाळा कमी आणि मुलं जास्त होती. पण लोकांनी तिला ‘कुलकल्वी’, म्हणजे कुळाचं शिक्षण, असं नाव ठेवलं आणि राज्य पेटलं. १९५४ मध्ये राजाजींना पद सोडावं लागलं आणि कामराजांनी योजना गुंडाळली. आमिशांना कुणी वरून खाली ढकललेलं नाही. जातीची उतरंड तिथे नाही, हा फरक मोठा आहे आणि तो मी झाकत नाही. पण मुलाच्या जागी उभं राहून पाहिलं तर? त्याच्या जन्मावरून त्याचं पुढचं शिक्षण ठरतंय, हे दोन्हीकडे सारखंच.

शिवाय ज्या शेतीच्या भरवशावर हा निकाल उभा होता ती शेतीच राहिलेली नाही. १९७२ मध्ये न्यायालयापुढे चित्र होतं बापाच्या मागे नांगर धरणाऱ्या मुलाचं. आज अमेरिका आणि कॅनडा मिळून आमिशांची संख्या चार लाखांच्या घरात आहे, दर वीसेक वर्षांनी ती दुप्पट होते, आणि जमीन काही दुप्पट होत नाही. लँकेस्टरसारख्या जुन्या वस्त्यांतले बहुतेक पुरुष आता सुतारकाम, फर्निचरचे कारखाने, बांधकाम, बाजारातली दुकानं यांवर जगतात. मग काय झालं? बालमजुरीचा कायदा आडवा आला. धोकादायक म्हणून लाकूड कापण्याच्या गिरण्यांत अल्पवयीन मुलांना बंदी होती. २००४ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, कायदा बदलला आणि आठवीनंतर शाळेतून सूट मिळालेल्या, अशा पंथांतल्या चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांना त्या गिरण्यांत काम करायची मुभा दिली. यंत्र चालवायचं नाही, मोठ्या माणसाची देखरेख हवी, कानांना आणि डोळ्यांना संरक्षण हवं, अशा अटींवर. बापाच्या शेतात शिकणारं मूल म्हणून ज्याला शाळा माफ झाली, तेच मूल तीस वर्षांनी भुश्शात उभा राहणारा कामगार झालं. शाळेची माफी मात्र तशीच राहिली.

मुलींबद्दल तर फारसं कुणी बोलतच नाही. मुलाला निदान कारखाना, गवंडीकाम, घोड्यांचा व्यापार असे रस्ते असतात. वाचनाची ओढ असलेल्या मुलीला एकच पद मोकळं असतं: गावच्या शाळेची शिक्षिका, तेही लग्न होईपर्यंत. ती स्वतः आठवी झालेली, आठवीपर्यंत शिकवणारी. पुढे सहा-सात मुलं. हे जगणं कमी प्रतीचं आहे असं मी म्हणत नाही, माझ्या आजीनंही असंच जगणं जगलं आणि ताठ मानेनं जगली. पण आजीला विचारलं असतं तर तिनं काय मागितलं असतं, हे मला माहीत आहे, कारण ते तिनं माझ्या आईला मिळवून दिलं.

आणखी एक गोष्ट मला डाचते. पिढ्यानपिढ्या आपसात लग्नं झाल्यामुळे या समाजात काही दुर्मीळ आनुवंशिक आजार आहेत. १९८९ मध्ये होम्स मॉर्टन या डॉक्टरांनी अशा मुलांसाठी लँकेस्टर काउंटीत क्लिनिक सुरू केलं आणि त्याची लाकडी इमारत आमिश आणि त्यांच्याच मुळातल्या मेनोनाइट पंथाच्या शेजाऱ्यांनी मिळून उभी केली. अपंग होऊन गेली असती अशी कितीतरी बाळं तिथे वेळेवर निदान झाल्यामुळे वाचली. ही गोष्ट सुंदर आहे आणि आमिशांच्या उदारपणाची आहे. पण तिथला डॉक्टर, तिथली जनुकं तपासणारी शास्त्रज्ञ नेहमी दुसऱ्या कुणाचं तरी मूल असणार. आठवी पुरे असं ठरवलेल्या समाजाला वीस-वीस वर्षं शिकलेल्या माणसांची गरज आहेच. फक्त ते वीस वर्षांचं शिक्षण आपल्या लेकरांना मिळू द्यायचं नाही. स्वतःच्याच धाकट्या भावाला त्या आजारात पाहिलेल्या मुलीला तो आजार समजून घ्यावासा वाटला, तर?

निकालाचा आणखी एक दोष दूरवर पोचला आहे. बर्गर यांनी आमिशांच्या सचोटीचं, कष्टाळूपणाचं, सरकारवर भार न टाकण्याचं भरभरून कौतुक केलं. तीन शतकांची परंपरा आहे म्हणून ही सूट, असं सांगितलं. आणि समाजापासून दूर तळ्याकाठी राहिलेल्या थोरो या लेखकासारखं वैयक्तिक तत्त्वज्ञान असतं तर ती मिळाली नसती, हेही नमूद केलं. म्हणजे हक्क हा चांगल्या वागणुकीचं बक्षीस ठरला आणि परंपरेच्या वयावर मोजला गेला. त्याच खटल्यातले दुसरे एक न्यायमूर्ती डग्लस यांनी तेव्हाच म्हटलं होतं की पंथाची वागणूक चांगली की वाईट याचा इथे संबंध नाही. आज मेरीलँडच्या प्रकरणात त्याच निकालाच्या जोरावर सार्वजनिक शाळेतल्या एका तासाचं भांडण लढलं गेलं. एखाद्या तासाला बाहेर बसणं आणि शिक्षणच थांबणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण दोन्हीकडे वजन टाकलं गेलं ते आईबापांच्याच पारड्यात. दरम्यान अमेरिकेच्या काही राज्यांत मूल शाळेत न घालता घरी शिकवायचं तर सरकारला कळवावंही लागत नाही. संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्क करार, ज्यात मुलाचं म्हणणं ऐकून घेण्याचा हक्क आहे, तो मंजूर न केलेला अमेरिका हा एकमेव देश आहे.

पण अमेरिकेकडे बोट दाखवताना आपलं घर तपासायला हवं. आपल्या शिक्षणहक्क कायद्यानं मोफत आणि सक्तीचं शिक्षण सहा ते चौदा या वयाला दिलं. म्हणजे आठवीपर्यंतच! विस्कॉन्सिनचे आमिश बाप जिथे थांबा म्हणत होते, नेमकं तिथेच आपलं राज्य थांबलं, आणि कुणाच्याही धर्मश्रद्धेचं कारण नसताना. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीनं मदरसे, वैदिक पाठशाळा आणि मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था कायद्यातून वगळल्या. सगळे धर्म तेवढ्यापुरते एकमतात होते. त्या पाठशाळेतल्या दहा वर्षांच्या मुलाला पुढे गणित शिकावंसं वाटलं तर काय, हा प्रश्न संसदेनं विचारला नाही.

आणि हे आपण करावं? महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निदान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा असं मागितलं. गोखल्यांनी १९११ मध्ये त्यासाठी विधेयक आणलं आणि ते पाडलं गेलं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात सक्ती केली आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड लावला. तेव्हाही लोक म्हणालेच की पोर गेलं शाळेत तर गुरं कोण राखणार. न्यू ग्लॅरसचे पाच डॉलर आणि कोल्हापूरचा एक रुपया, दोन्ही दंड आईबापांना. फरक असा की कोल्हापुरात त्या दंडामुळे ज्यांना शतकानुशतकं अक्षर दिसलं नव्हतं त्यांची मुलं पाटी घेऊन बसली. सक्ती म्हटली की कार्लाइलच आठवावं असं नाही. सक्तीचा आपला इतिहास वेगळाही आहे. ती कोण करतो, कशासाठी करतो आणि मुलाची भाषा, कपडे, घर यांना हात लावतो की नाही, यावर सगळं अवलंबून आहे.

मग करायचं काय? हेझलटनची बस पुन्हा पाठवायची नाही, एवढं नक्की. रस्ता आमिशांनीच दाखवलेला आहे. पेनसिल्व्हेनियात १९५० च्या आसपास मुलं शाळेत न पाठवल्याबद्दल अनेक बाप तुरुंगात गेले, आणि मग १९५५ मध्ये एक तोडगा निघाला. आठवी झालेल्या मुलांनी आठवड्यातून तीन तास आपल्याच शिक्षिकेकडे जमायचं; उरलेल्या दिवसांत शेतात, स्वयंपाकघरात जे काम केलं त्याची रोजनिशी लिहायची आणि ती दाखवायची. विस्कॉन्सिनच्या कुटुंबांनी हाच तोडगा सुचवला होता. तिथल्या शिक्षण खात्यानं तो नाकारला, आणि तो हटवादीपणाच होता. पण न्यायालयानं त्याऐवजी जे केलं तेही बरं नव्हतं. तीन तासही उरले नाहीत. त्याऐवजी असं म्हणता आलं असतं: तीन तासांचे दहा करा. शाळा तुमची, शिक्षिका तुमची, खेळाचे सामने नकोत, संगणक नको. रोजनिशी राहू द्या, ती फार चांगली कल्पना आहे. त्यात इंग्रजी वाचन आणि लेखन पुढच्या पायरीचं ठेवा, गणित ठेवा, माणसाच्या शरीराची माहिती ठेवा, या देशाचा कायदा आणि त्यानं दिलेले हक्क ठेवा. आणि ज्या मुलाला हवं त्याला बाहेरच्या दाखल्याची परीक्षा देता यावी. यातल्या कशानंही घोडागाडी मोडत नाही. जे लोक तीनशे वर्षं छळ, स्थलांतर आणि मोटारी पचवून टिकले ते आठवड्याच्या दहा तासांनी संपतील, असं म्हणणं हा त्यांच्या श्रद्धेचाच अपमान आहे.

आणि मुलाला विचारा. एकट्याला, आईबाप शेजारी नसताना, दडपण न आणता. त्या तीन मुलांपैकी फक्त योडर यांच्या मुलीची साक्ष कोर्टात झाली. तिनं सांगितलं, माझ्याच श्रद्धेमुळे मला हायस्कूलला जायचं नाही. त्यामुळे डग्लस तिच्यापुरते बहुमताबरोबर गेले. बाकीच्या दोघांसाठी मात्र त्यांनी वेगळं मत लिहिलं: या मुलांपैकी कुणाला पियानोवादक, अंतराळवीर किंवा समुद्रशास्त्रज्ञ व्हायचं असेल, भवितव्य त्यांचं आहे, आधी त्यांना ऐका. बहुमतानं उत्तर दिलं की मुलं या खटल्यात पक्षकार नाहीत, दंड आईबापांना झालेला आहे. कायद्याच्या दृष्टीनं ते उत्तर बरोबर होतं. पण खटला कोणाच्या चौदा-पंधराव्या वर्षाबद्दल होता?

कदाचित त्या दोघांनीही तिच्यासारखंच सांगितलं असतं. शक्यता तीच जास्त आहे. मग विचारायला काय हरकत होती?